मदत हवी आहे: मणक्यातल्या नसेवर दाब, आयजीजी४ आजार

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळचे. अण्णा ५८ वर्षांचे. दिवाळीपासून पाय जड पडायचे. पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही. गावात सगळे म्हणाले, वात आहे. तेल चोळण्यात दोन महिने गेले. मग लघवी अडकली, तेव्हा एमआरआय केला. छातीच्या मागे मज्जारज्जूवरचं आवरण जाड होऊन त्याला आवळत होतं.

आधी टीबीच वाटला. संभाजीनगरला ऑपरेशन करून दाब काढला, तुकडा तपासला, तेव्हा 'आयजीजी४ रिलेटेड डिसीज' निघाला. शरीराची प्रतिकारशक्तीच सूज आणते म्हणे. गाठ कॅन्सरची नाही, एवढाच जीवाला आधार.

आता स्टेरॉईड चालू आहे. पाय थोडे हलतात, पण साखर ३०० वर गेलीय. डॉक्टर रिटुक्सिमॅबचं (प्रतिकारशक्ती आवरणारं इंजेक्शन) बोलतायत. ते फुले योजनेत बसवून कुणी घेतलंय का? लातूर-नांदेडकडे संधिवाततज्ज्ञ (हा आजार तेच बघतात असं कळलं) कोण चांगले? आणि असा पेशंट पुन्हा चालायला लागलेला कुणी पाहिलाय का? अण्णा रोज विचारतात, पेरणीला उभा राहीन का.