केबल-स्टेड पुलाला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा
वांद्रे-वरळी सागरी सेतूला ‘झुलता पूल’ म्हटलेलं पुन्हा वाचलं. झुलता म्हटलं की डोळ्यांपुढे लक्ष्मण झुला येतो. सी-लिंक काही झुलत नाही. मग नेमका शब्द कोणता? ‘केबल-स्टेड’ सगळ्यांना कळतो, मान्य, पण मराठीत काही आहे का?

प्रतिसाद
झुलता पूल म्हणजे सस्पेन्शन. त्यात जाड मुख्य दोर मनोऱ्यांवरून झोळीसारखा सोडतात, त्याला उभ्या तारा लावतात आणि त्यांवर रस्ता टांगतात. दोराची टोकं दोन्ही काठांवर जमिनीत घट्ट पुरावी लागतात. सी-लिंकच्या वांद्रे बाजूला हे काहीच नाही. मधे सव्वाशे मीटरहून उंच एकच मनोरा, दोन्ही अंगांना २५०-२५० मीटरचे गाळे आणि मनोऱ्यातून तिरप्या निघून थेट रस्त्यालाच भिडणाऱ्या सरळसोट तारा. टांगण्यापेक्षा ताणून धरणं आहे हे.

प्रतिसाद
मग शब्द घरातच आहे की! तंबूच्या ताणलेल्या दोरीला आपण ‘तणावा’ म्हणतो. इंग्रजीतला ‘स्टे’ही डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या दोराचाच. ‘तणाव्यांचा पूल’ म्हणा.

प्रतिसाद
शब्द झकास, पण एक शंका. तंबूचा तणावा जमिनीत ठोकलेल्या मेखेला बांधतात. इथे मेख कुठे आहे?

प्रतिसाद
रस्ताच मेख! तिरपी तार रस्त्याला वर उचलते, तशीच मनोऱ्याकडे ओढतेही. डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ रस्त्याच्या पट्ट्यातच एकमेकींना भिडतात, म्हणून पट्टा लांबीच्या दिशेने दाबला जातो. काँक्रीटला दाब मानवतो, ताण नाही, त्यामुळे सी-लिंकवर काँक्रीटचा पट्टा चालून गेला. काठावर अजस्र नांगर पुरायची गरज उरत नाही. बांधकामही याच हिशेबाने चालतं: मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे जोडत जायचं आणि तुकडा बसला की त्याची तार ताणायची. एक बाजू फार पुढे गेली तर मनोऱ्यावर वाकडा भार येतो, म्हणून दोन्हीकडे तोल सांभाळत पुढे सरकतात. कोलकात्याच्या विद्यासागर सेतूचा (१९९२) मधला गाळा ४५७ मीटरचा आहे, तोही याच जातीचा.

प्रतिसाद
व्याकरणाकडे लक्ष द्या हं. ‘तणावाचा पूल’ लिहिलंत तर लोक मानसिक तणाव समजतील. अनेकवचन ‘तणावे’, म्हणून ‘तणाव्यांचा’. आणि वरती कुणीतरी ‘गाळा’ लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. दोन खांबांमधल्या अंतराला हा चांगला चालता शब्द असताना उगाच ‘स्पॅन’ कशाला?

प्रतिसाद
साइटवर मात्र ‘स्टे केबल’ आणि ‘स्ट्रेसिंग’ (तार ताणणं) हेच चालणार, तिथे तणावा कुणी म्हणणार नाही. लेखात वापरायला माझी हरकत नाही. फक्त उदाहरण देताना जपा: गोव्यात मांडवीवरच्या अटल सेतूला (२०१९) तणावे आहेत, मुंबईच्या अटल सेतूला (२०२४) नाहीत. नाव एकच असल्याने हमखास घोळ होतो.

विचारणा करणारा
ठरलं. पहिल्यांदा ‘तणाव्यांचा (केबल-स्टेड) पूल’ लिहितो, पुढे नुसतं ‘तणाव्यांचा’.