अनुभव धागा: कुत्र्याचं डोकं कामाला लावणारी खाऊची खेळणी

बीगलवाली, ठाणे

फ्लॅटमध्ये कुत्रं पाळणाऱ्यांसाठी हा धागा. सकाळी फिरवून आणायचं, मग आपण ऑफिसात आणि ते घरात. मधल्या वेळात चपला, उशा, दाराची चौकट आणि शेजाऱ्यांची झोप यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे पाय थकवणं आपल्याला जमतं. नाकाला आणि डोक्याला काम द्यायचं मात्र राहून जातं. वाटीत आयतं जेवण देण्याऐवजी ते शोधायला, ढकलायला, चाटायला लावणारी खेळणी त्यासाठीच असतात.

यातलं सगळ्यांत माहितीतलं म्हणजे काँग. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दातांची वाट लावत होता. फोक्सवॅगन दुरुस्त करता करता मालकाने त्याच्यापुढे गाडीचे सुटे भाग टाकले, त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा त्याने सोडेचना. त्यावरून हे पोकळ, एकावर एक तीन गोळ्यांच्या आकाराचं खेळणं आलं.

इथे लिहा: खेळणं विकतचं की घरचं, आत काय भरता, काय जमलं, काय फसलं. 'नक्की घ्या' एवढंच नको. कुत्रं कोणतं, वय काय, दिवसा घरी कोण असतं हेही सांगा.

आमच्यापासून सुरुवात. कोरड्या खाऊचे दाणे सांडणारा चेंडू आणला. नाकाने लोळवला की भोकातून एकेक दाणा पडतो. आमच्या पठ्ठ्याने दोन-चार दिवस लोळवला, मग तोंडात धरून सोफ्यावर नेला आणि वरून सोडला. एकदम मूठभर दाणे! खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चेंडू आता जाड सतरंजीवरच मिळतो.

रद्दीप्रेमी, पुणे

आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली, आता चारेक वर्षांची. विकतचं एकही खेळणं नाही. घरात येणारी रद्दी आधी तिच्याकडे जाते, मग रद्दीवाल्याकडे.

सुरुवात अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेपासून केली. खळग्यांत दाणे टाकायचे, बस. ते जमलं की खळग्यांवर कागदाचे बोळे. मग वर दुसरा ट्रे पालथा. सगळी गंमत या पायऱ्यांत आहे. पहिल्याच दिवशी अवघड काही दिलं असतं तर तिने एकदा हुंगून पाठ फिरवली असती आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलंही नसतं. पहिल्या वेळी तिला अर्ध्या मिनिटात जिंकू द्यायचं.

कुरिअरचे खोके सोनं आहेत. चिकटपट्टी, पिना, लेबलं काढून टाकायची. मोठ्या खोक्यात लहान, त्यात आणखी लहान, मध्ये उकडलेल्या चिकनचा तुकडा. ती फाडते पण गिळत नाही, म्हणून हे चालतं. कागद खाणाऱ्या कुत्र्याला देऊ नका. पाऊस असला आणि फिरणं हुकलं तर जुना टॉवेल घ्यायचा, त्यात दाणे पसरून सुरळी करायची, ती सुरळी दुमडायची आणि फार माज आला असेल तर वरून सैल गाठ मारायची. नाकाने उलगडताना ती जे फुसफुसते ते ऐकायला फार बरं वाटतं.

फरक? दुपारी गॅलरीतल्या कबुतरांवर भुंकणं कमी झालं. बेलवर भुंकणं तसूभरही कमी झालं नाही. ते वेगळं प्रकरण आहे, त्याला खोक्याचा उपयोग नाही. केर मात्र रोज दुप्पट, आणि तो ज्याला हौस त्यानेच काढायचा असा घरचा ठराव आहे.

लॅबचा बाबा, नागपूर

पट्ट्यांत दाणे लपवून हुंगायला द्यायची कापडी चटई आणली होती. आमच्या लॅब्राडोरने आधी दाणे खाल्ले, मग पट्ट्या. दुसऱ्या दिवशी बागेत त्या परत मिळाल्या. विषय संपला.

पण उन्हाळ्याचं सांगतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास, डांबरावर पंजे भाजतात, त्यामुळे फिरणं सूर्य उगवायच्या आत आणि पार रात्री. मधल्या वेळासाठी स्टीलच्या डब्यात पातळ, बिनमिठाचं ताक ओतायचं, त्यात काकडी, गाजर, थोडं चिकन टाकायचं आणि डबा फ्रीजरमध्ये. दुपारी ती ढेप कूलरसमोर परातीत. तो चाटून चाटून वितळवतो. चावू लागला तर आम्ही ढेप थोडी वितळेपर्यंत थांबतो, कारण कडक बर्फाने दात तुटू शकतो.

पशुवैद्य, सातारा

लॅबच्या पट्ट्या परत आल्या हे नशीब. पट्टी किंवा दोरा आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं. उलट्या, खाणं बंद, शी बंद, पोटाला हात लावू न देणं, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका.

भरायच्या वस्तूंबद्दल. पीनट बटरची बाटली घेताना मागची यादी वाचा. झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य असेल तर ते कुत्र्याला विष आहे. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं. त्यापेक्षा घरी शेंगदाणे भाजून, सालं काढून मिक्सरमध्ये फिरवा. कूट झाल्यावरही फिरवत राहिलं की तेल सुटतं आणि लोणी होतं. मीठ-साखर काही नको. दाणे खवट किंवा बुरशी आलेले नकोत, ती बुरशीही यकृतालाच बाधते. कांदा-लसूण असलेला रस्सा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं, यातलं काही भरू नका. उकडलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, अंडं, पनीर, ज्वारीच्या भाकरीचा चुरा हे बहुतेकांना चालतं.

खेळण्यातलं जेवण हे रोजच्या जेवणातूनच वजा करायचं. वाटी भरून द्यायची ती द्यायचीच आणि वर काँगही भरायचं, असं केलं की सहा महिन्यांनी 'डॉक्टर, हा इतका जाड कसा झाला' म्हणत माझ्याकडे येता. वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत बसवा.

मापही बघा. अख्खं तोंडात मावेल असं खेळणं नको. काँगचा लाल रबर साधारण चावणाऱ्यांसाठी, काळा दणकट जबड्याच्या कुत्र्यांसाठी, पिल्लांचा आणि म्हाताऱ्यांचा आणखी मऊ असतो.

आंबेवाला, रत्नागिरी

वाचून करमणूक झाली. आमच्याकडे बागेत दोन कुत्रे आहेत. वानर आले की हाकलायचे, फणसाखाली काय पडलंय ते बघायचं, रात्री डुकरांची चाहूल घ्यायची, सकाळी मासेवालीच्या मागे वाडीच्या टोकापर्यंत जायचं. त्यांना तुमचं खेळणं दिलं तर ते माझ्याकडे बघतील. आधी कुत्र्याला दिवसभर कोंडायचं आणि मग त्याच्यासाठी खोटी शिकार विकत आणायची, हा शहरी उद्योग आहे.

बीगलवाली, ठाणे

दादा, उद्योग शहरीच आहे, पण कुत्रंही शहरात आहे ना. बीगलला आंब्याची बाग कुठून देऊ? तरी तुमचा मुद्दा मान्य, फिरण्याऐवजी खेळणं देणारे लोक आमच्या सोसायटीतही आहेत.

बर्फातला मराठी, एडमंटन, कॅनडा

आंबेवाले दादा, इकडे या जानेवारीत. उणे तीस असताना आमची बॉर्डर कॉली दाराबाहेर गेली की एकेक पंजा वर उचलून उभी राहते. दहा मिनिटांत परत. हे जातिवंत मेंढपाळी कुत्रं, त्याला मेंढ्या नाहीत आणि अंगणही गोठलेलं.

आम्ही स्वीडनच्या नीना ओटोसन यांच्या पद्धतीची कोडी आणली. झाकणं सरकवायची, खुंट्या उचलायच्या, खाली खाऊ. पहिल्यांदा ती विचार करताना दिसते, डोकं तिरकं करून थांबते, एक पंजा, मग नाक. तेवढंच बघण्यासारखं. एकदा पाठ झालं की ती ते कोडं पोस्टातल्या कारकुनाच्या शिक्क्यांसारखं उरकते. खटखटखट, संपलं. म्हणून महागडी कोडी एकामागून एक घेण्यात अर्थ नाही. ओळखीच्यांशी अदलाबदल करा.

सगळ्यांत स्वस्त आणि न संपणारा खेळ म्हणजे वास. तिला एका खोलीत बसवायचं, तळघरात पुठ्ठ्याचे दहा-बारा डबे मांडायचे, एकात खाऊ ठेवायचा आणि सोडायचं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी काही दशलक्ष, त्यांच्यात कोटींच्या कोटी. वीस मिनिटं हुंगून ती जी झोपते ती तासभर चेंडू फेकूनही झोपत नाही. चेंडूने उलट ती आणखी पेटते.

कारवानवाला, सोलापूर जिल्हा

आमच्या कारवान जातीच्या कुत्र्यावर सगळं करून पाहिलं. दाण्याचा चेंडू, टॉवेल, खोकी. तो लांब मान करून बघतो आणि जाऊन उन्हात पसरतो. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा, पळणारी वस्तू दिसली तर जागा होतो. काठीला दोरी, दोरीला फडकं बांधून मैदानात फिरवलं की मग बघा. खाण्याचीही त्याला फार हाव नाही. भाकरी-दूध सावकाश खातो, उरलं तर उरलं. ज्याला भूकच बेताची त्याच्यासाठी खाऊची खेळणी नाहीत असं माझं मत झालंय.

उंदीरमामा, बंगळुरू

कारवानवाले दादांच्या मुद्द्याला थोडा आधार देतो, पण आधी उलट बाजू. 1963 साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर प्रयोग केले. बाजूला फुकटचे दाणे ठेवलेले असतानाही बरेच उंदीर कळ दाबून दाणे मिळवत होते. तेव्हापासून कबुतरं, माकडं अशा कितीतरी प्राण्यांत हे दिसलंय. मांजरं मात्र आयतं खाण्यातच खूश. या धाग्यात मांजरवाले आले की त्यांना हे सांगा.

पाळीव कुत्र्यांवर अलीकडे झालेल्या प्रयोगात निकाल मधलाच आला: कष्टाचं खायला ते तयार होते, पण शेजारी फुकटचं असताना मुद्दाम कष्टाचं निवडत नव्हते. म्हणजे 'प्रत्येक कुत्र्याला मेहनत करून खायलाच आवडतं' हे जाहिरातीतलं वाक्य जरा जपूनच घ्यायचं. मी आमच्या स्पिट्झपुढे वाटी आणि खेळणं दोन्ही ठेवतो. ती वाटीतलं अर्धं खाते, मग खेळण्याकडे जाते. पोटात थोडं गेलं की खेळायला सुचतं. अगदी उपाशी असताना ती खेळण्यावर चिडते, भुंकते.

दोघांची आई, नाशिक

दोन कुत्रे असतील तर दोन खोल्या, दोन खेळणी, मध्ये बंद दार. हा नियम मोडू नका. आमचे दोघं एका वाटीत पाणी पितात, एका गादीवर झोपतात, पण भरलेलं काँग समोर आलं की मोठा गुरगुरायला लागतो. त्याच्या हातचं खेळणं हिसकावूही नका. रिकामं झाल्यावर दुसरीकडे चार दाणे टाकायचे, तो तिकडे गेला की उचलायचं.

तात्पुरतं घर, म्हापसा

आमच्याकडे रस्त्यावरची पिल्लं आणि मार खाल्लेली कुत्री दत्तक जाईपर्यंत राहतात. यांना कोड्यापेक्षा सोपं काहीतरी लागतं. एक कुत्री कोपऱ्यातून हलतच नव्हती. आवाज करणारी वस्तू नको, वरून पडणारी नको, माणूस जवळ नको. मग अंगणात माडाखाली गवतात उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून बारीक तुकडे विखरायला लागलो आणि आत जाऊन खिडकीतून बघायचं. आधी रात्री येऊन खायची. पुढे संध्याकाळी. मान खाली घालून हुंगणारं कुत्रं त्या वेळेपुरतं तरी घाबरलेलं दिसत नाही. नंतर तेच तुकडे उघड्या खोक्यात, मग माझ्या पायापासून हातभर अंतरावर.

घाईने मोठं कोडं पुढे ठेवलं की अशी कुत्री परत कोपऱ्यात जातात. शेपूट कुठे आहे ते बघत राहायचं.

शाकाहारी फ्रीजर, डोंबिवली

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आमच्या पॉमला (पॉमेरेनियन) उड्या, जिना, धावणं सगळं कित्येक आठवडे बंद होतं. पिंजऱ्याएवढ्या जागेत तरुण कुत्रं बसवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्या काळात चाटायच्या खरबरीत रबरी चटईने आम्हाला तारलं. दह्यात भोपळा कालवून पातळ थर द्यायचा आणि गोठवायचा. कधी नाचणीची पेज. पुढे दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हाही हेच, पंख्याचा आवाज मोठा करून. पण जोरात माळ लागली की चाटणं थांबायचं, तेव्हा भीतीवरचं औषध म्हणून याच्याकडे बघू नका. फार घाबरणाऱ्यासाठी डॉक्टरांशी आधी बोला.

सासूबाईंच्या फ्रीजरमध्ये चिकन ठेवायला बंदी आहे, म्हणून हा सगळा शाकाहारी मेनू. आता त्याच विचारतात, 'आज त्याला काय लावलंयस?'

मुंग्या! हे कुणी कसं लिहिलं नाही? दही-भोपळा जमिनीवर ठेवला की पाचव्या मिनिटाला रांग. सासूबाईंची युक्ती: परातीत बोटभर पाणी, मध्ये पालथी वाटी, वर ताटली, ताटलीत चटई. पॉम बुटका असल्यामुळे परातीला टेकून खातो. लॅबने मात्र आधी पाणी पिऊन टाकलं असतं.

लॅबचा बाबा, नागपूर

प्यायलाच असता. परात पण उलटी केली असती.

बीगलवाली, ठाणे

मुंग्यांची युक्ती आज करणार. एक प्रश्न राहिला. पावसाळ्यात काँगला आतून वास येतो, काय करता?

रद्दीप्रेमी, पुणे

माझ्याकडे काँग नाही, पण भावाकडे आहे. संपलं की लगेच गरम पाण्यात बुडवून ठेवायचं, मग बाळाच्या बाटलीचा ब्रश आतपर्यंत. टोकाचं लहान भोक विसरू नका, सगळं तिथेच साचतं. भोक खाली करून रात्रभर पंख्याखाली. दोन असली तर बरं, एक वाळेपर्यंत दुसरं वापरता येतं. पुठ्ठ्याला हा त्रास नाही, एवढंच सुचवतो.