उपदेश संपतो आणि दारात पोचेपर्यंत विसरायला होतो, यात कमी कोण पडतंय, चर्चचे पाळक की आपण?

पुणे_बाकावरचा

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून विचारतोच. आम्ही पुण्यात राहतो, मंडळी मध्यम आहे, रविवारी सव्वाशे दीडशे लोक असतात. गेल्या रविवारी जेवायला बसलो तर धाकट्या मुलीने विचारलं, पप्पा आज बायबलमधला शास्त्रपाठ कुठला होता. आम्ही चार मोठी माणसं ताटावर आणि एकालाही सांगता येईना. मी पहिल्या गीतापासून हजर होतो, गीत कुठलं ते आठवत होतं, कोणाच्या लग्नाची सूचना झाली तेही आठवत होतं, पण पाळकसाहेब पाऊण तास जे बोलले त्यातलं काहीच नाही. आधी मला त्यांचाच राग आला, दर वेळी तेच ते मुद्दे, आपल्या आठवड्याशी काही संबंध नाही. मग रात्री झोप येईना तेव्हा वाटलं की मी तरी तिथे काय घेऊन गेलो होतो? बायबल सुद्धा उघडलं नव्हतं, मोबाईल मात्र दोनदा बघितला. तर मनापासून विचारतो, उपासना खरोखर उपासना व्हावी म्हणून त्यांचं काम किती आणि आपलं किती? मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या कानावर घालावं का?

नगरची_लेक

दादा, पंचांकडे नंतर जा, आधी एक ऐका. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा, एकोणिसाव्या शतकापासूनची, कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांचं नाव आजोबा नेहमी घ्यायचे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनं लिहिली, १९१९ ला ते गेले तरी ती आपण अजून दर रविवारी गातोय. लहानपणी नाताळच्या आधी वस्तीवर कीर्तन व्हायचं, कंदील, पेटी, तबला, टाळ, आणि कीर्तनकाराने चरण म्हणून सोडला की पुढचं ध्रुपद सगळ्यांनी उचलायचं. ते कोणी उचललं नाही तर बुवा कितीही तयारीचा असो, त्याला पुढे जाताच यायचं नाही. म्हणजे ऐकणारी माणसं कीर्तनातच असायची, समोर नाही. आजी शनिवारी रात्री भाकरी झाल्या की दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ काढून मोठ्याने वाचायची, अडलं तिथे पेन्सिलने बारीक फुली. रविवारी उपदेशात त्या फुलीचं उत्तर मिळालं तर तारीख टाकायची आणि नाही मिळालं तर आशीर्वादानंतर थेट पाळकांना गाठायची. ते बायबल माझ्याकडे आहे, त्यातल्या रोमकरांस पत्राला तर समासात जागाच उरलेली नाही. आजी चौथी शिकलेली होती.

ठाण्याची_वाचक

ताई तुमच्या आजीबद्दल वाचून डोळे भरले, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. दरवेळी मंडळीलाच सांगितलं जातं की तुमची मनं तयार नाहीत, प्रार्थना करून या. बायबलमधला नहेम्या ८ वाचा. पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक पहाटेपासून दुपारपर्यंत कान देऊन ऐकत होते, एज्रा शास्त्र्याने ग्रंथ उघडल्यावर उभे राहिले, हात वर करून आमेन आमेन म्हणाले, हे आपण मंडळीला ऐकवतो. पण त्याच अध्यायात पुढे आहे की लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवकांनी, लोकांमध्ये जाऊन अर्थ फोडून सांगितला, आणि लोकांना कळलं म्हणून ते आधी रडले आणि मग आनंद केला. कळेल असं सांगणं हे सांगणाऱ्याचंच काम आहे, ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख खिडकीत झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, तर पौल खाली धावला, त्याला उचलून घेतलं, झोपलास का म्हणून रागावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या आईला कमी ऐकू येतं, आमच्या चर्चमधल्या स्पीकरचा आवाज घुमतो, तीन वर्षं सांगतोय. ती दर रविवारी स्वच्छ साडी नेसून येते, पहिल्या बाकावर बसते आणि तिच्यापर्यंत एक वाक्य पोचत नाही. तिने अजून काय तयारी करायची?

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे उपासनेला मिस्सा आणि उपदेशाला प्रवचन म्हणतात, पण दुखणं तेच. माझे आजोबा सांगायचे, लॅटिन मिस्सा होती तेव्हा फादर वेदीकडे तोंड करून आपलं चालवायचे आणि लोक खाली बसून रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणायचे, दोघांची वाट वेगळी. मग कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा दस्तऐवज आला, त्यात लोकांनी पूर्णपणे, समजून आणि सक्रियपणे भाग घ्यायला हवा असं स्पष्ट म्हटलंय, आणि त्यातच रविवारचं प्रवचन गंभीर कारणाशिवाय टाळू नका हेही आहे. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे टाकली. त्यानंतर मराठी मिस्सा आली, बायबलची वाचनं आपली माणसं करायला लागली, लोकांनी मिळून करायच्या विश्वासूंच्या प्रार्थना परत आल्या. पोप फ्रान्सिसनी २०१३ च्या पत्रात लिहिलंय की प्रवचनाचा त्रास दोघांनाही होतो, लोकांना ऐकण्याचा आणि धर्मगुरूंना देण्याचा. २०२४ मध्ये तर आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नका असंच सांगितलं. माझा अनुभव एवढाच की ज्या रविवारी माझी वाचनाची पाळी असते तो रविवार मला आठवतो, कारण मी आठवडाभर ते वाचन घरी म्हणून बघितलेलं असतं.

तीन_गावांचा_पाळक

मी स्वतः पाळक आहे म्हणून लिहू की नको असं झालं होतं. माझ्याकडे तीन गावं, सकाळी आठला एक उपासना, साडेदहाला दुसरी, संध्याकाळी तिसरी, मधे मोटरसायकल. आठवड्यात मयत असेल, कोणी दवाखान्यात असेल, तर उपदेशाला शनिवारची रात्रच उरते. हे मी कारण म्हणून सांगत नाही, कमी तयारी ही माझीच चूक आणि ती मला वेदीवर उभं राहिल्यावर कळते. पण मला शिकवलं ते मंडळीनेच. पहिल्या वर्षी पेरणाऱ्याच्या दाखल्यावर, म्हणजे बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं त्या येशूच्या गोष्टीवर, बोललो, मी वाढलो शहरात. उपासना झाल्यावर एक म्हातारे शेतकरी थांबले, म्हणाले, साहेब, आम्ही पाभरीने पेरतो, दाणा नळ्यातून सरळ तासात पडतो, वाटेवर कसा जाईल? हा माणूस मुठीने फोकून पेरत असणार, तेव्हा कुठेही पडणारच. मग मला बांधावर नेलं, मुरमाड तुकडा दाखवला, म्हणाले इथे आधी उगवतं, बघून जीव हरखतो, आणि पावसाने आठ दिवस ओढ दिली की सगळ्यात आधी इथलंच करपतं. कुंदा या तणाची मुळी खणून दाखवली, हातभर खोल गेली तरी संपेना, म्हणाले वरून खुरपून काही होत नाही. पुढच्या वेळी तो दाखला त्यांच्या शब्दात सांगितला तेव्हा पहिल्यांदा मला बाकांवरून हुंकार ऐकू आला. त्याच अध्यायात प्रभूने तुम्ही कसं ऐकता ते जपा असंही म्हटलंय ना, लूक ८ मध्ये, ते मला त्या दिवसापासून स्वतःसाठी लागू वाटतं. बाकी दारात हात मिळवताना सगळे छान संदेश झाला म्हणतात आणि त्याने मी एक इंचही पुढे सरकत नाही. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं ऐकून घेतलं, उत्सुकतेने घेतलं, आणि रोज शास्त्र काढून पडताळलं. असं कोणी मला पडताळलं तर माझा शनिवार आपोआप गुरुवारी सुरू होईल. ठाण्याच्या ताई, तुमच्या आईसाठी वाईट वाटलं. पाळकांना सांगून बघा, उपदेश कागदावर मोठ्या अक्षरात आधी देता येतो, मी आमच्या दोन आज्यांना देतो.

पुणे_बाकावरचा

सगळ्यांचे आभार, पंचांकडे गेलो नाही. बुधवारी पाळकसाहेबांनाच व्हॉट्सॲप केला, की येत्या रविवारचा शास्त्रपाठ आधी कळेल का, आम्ही घरी वाचून येऊ, आणि मागच्या वेळी मला काही पोचलं नाही त्यात माझंही लक्ष नव्हतं हे पण लिहिलं. वाईट वाटलं असेल म्हणून धाकधूक होती. रात्री अकराला उत्तर आलं. लूक १८, विधवा आणि अन्यायी न्यायाधीश, न्याय मिळेपर्यंत ती त्याच्याकडे खेपा घालते ती गोष्ट. खाली लिहिलं होतं, तुमचे वडील पेन्शनसाठी दोन वर्षं त्या ऑफिसला खेपा घालतायत ना, रविवारच्या आधी मला त्यांच्याशी बोलायचंय, कधी येऊ? वडिलांना वाचून दाखवलं तर ते काहीच बोलले नाहीत, उठले आणि कपाटातून ती सगळ्या अर्जांची फाईल काढून टेबलावर ठेवली. साहेब शुक्रवारी संध्याकाळी येतायत.