जुन्या पेंटियम ४ मध्ये साटा कार्ड घालावं का?

सांगलीकर (धागाकर्ता):
प्रेसमध्ये विंडोज एक्सपीवर चालणारा पेंटियम ४ कॉम्प्युटर आहे, इंटेल ८४५ चिपसेटचा मदरबोर्ड. पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) त्यावर चालतं आणि मराठी फॉन्टचं डोंगल (ते लावल्याशिवाय फॉन्ट न चालणारा छोटा प्लग) प्रिंटर पोर्टला लागतं, म्हणून मशीन ठेवलंय. ४० जीबीची आयडीई डिस्क (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची हार्ड डिस्क) आता टकटक करते. माझं मत स्पष्ट आहे: पीसीआय स्लॉटमध्ये (बोर्डावरची जादा कार्डांची खाच) साटा कार्ड घालायचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्कची जोडणी मिळते, आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावायची. कार्डाला स्वतःचं बायोस (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणारा प्रोग्राम) असतं, त्यामुळे जुन्या बोर्डाला १३७ जीबीपुढची डिस्क पूर्ण ओळखता येत नाही, त्या मर्यादेचीही कटकट नाही.

जुना टेक्निशियन:
मी कार्डाच्या विरोधात आहे. पीसीआयचा रस्ताच १३३ एमबी प्रति सेकंद, तोही सगळ्या कार्डांत वाटलेला. वर ड्रायव्हरचं दुखणं: आधी जुन्या डिस्कवर कार्डाचा ड्रायव्हर बसवून मगच नव्या डिस्कवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करावा लागतो. तसं केलं नाही, तर एक्सपी चालू होताना ७बी एररची (विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही) निळी स्क्रीन येते. त्यापेक्षा साटा-टू-आयडीई अडॅप्टर घ्या, म्हणजे साटा एसएसडी जुन्या आयडीई केबललाच जोडता येते. बायोसला ती साधी आयडीई डिस्कच दिसते. एसएसडी १२० जीबीचीच घ्या, मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

बोरिवलीकर:
दोघांशीही असहमत. वीस वर्षांच्या बोर्डावर पैसे का घालायचे? नवं मशीन घ्या, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या विंडोजच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) चालवा.

सांगलीकर:
आणि डोंगल कुठे लावू? यूएसबीची प्रिंटर केबल आणून पाहिली, डोंगल ओळखलंच नाही. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांच्या फाइली त्या फॉन्टमध्ये आहेत. दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचा नुसता काला होतो.

जुना टेक्निशियन:
डोंगलचं सांगलीकरांचं बरोबर आहे. जुनी डोंगलं थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतात, यूएसबीच्या केबलला ते जमत नाही. पण टकटकणारी डिस्क आता चालवत बसू नका. आधी फाइली दुसरीकडे उतरवा, क्लोनचं मग. आणि कॅबिनेट उघडून प्रोसेसरशेजारचे कॅपॅसिटर (छोटे नळकांड्यांसारखे भाग) बघा. त्या काळातले बरेच बोर्ड त्यांनीच गेले.

सांगलीकर:
आत्ता उघडलं. दोन कॅपॅसिटरची डोकी फुगलीत, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे. फाइली आज रात्रीच उतरवतो, बोर्ड उद्या सोल्डरिंगवाल्याकडे. कार्ड की अडॅप्टर, ते बोर्ड परत आल्यावर. माझं मत अजून कार्डाकडेच आहे.