शिकागोला दीड तास पुरणार नाही

तुमची आई मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो करून पुढे डेस मॉइन्सला एकटी येणार आणि शिकागोत मध्ये दीडच तास, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. वरच्या उत्तरांत सगळे फ्रँकफर्टची काळजी करताहेत. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर तिथे सामान परस्पर पुढे जातं. चालणं मात्र भरपूर.

खरी कसोटी शिकागोची. अमेरिकेत उतरल्यावरचा पहिला विमानतळ म्हणून इमिग्रेशन तिथेच होतं. बॅगेवर डेस मॉइन्सचा टॅग असला तरी बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जमा करायच्या. माझ्या सासूबाई टॅग बघून बॅगा न घेताच निघाल्या होत्या. एका मराठी सहप्रवाशाने थांबवलं म्हणून निभावलं. पुढे टर्मिनल ५ वरून ट्रेनने देशांतर्गत टर्मिनलला जायचं आणि सिक्युरिटी पुन्हा पहिल्यापासून. ड्यूटी फ्रीमधून अत्तराची मोठी बाटली घेतली असेल तर ती बॅग पुन्हा जमा करण्याआधीच तिच्या आत टाकायला सांगा. नाहीतर हातातल्या सामानातल्या द्रवासाठीच्या १०० मिलीच्या नियमात ती जाऊ शकते.

व्हीलचेअर मात्र आजच नोंदवा. आई चालत्या-फिरत्या असल्या तरीही. ढकलणारा माणूस इमिग्रेशन, बॅगा, ट्रेन सगळीकडे सोबत असतो आणि इंग्रजीचं दडपण निम्मं होतं. जमलं तर तिकीट बदलून तीन तासांचं अंतर घ्या. सोबत लोणच्याची बरणी असेल तर ती कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर सरळ सांगायची, लपवायची नाही.