रेणूंच्या साम्याचे नकाशे: पुरावा की नुसती दिशा?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

षट्कोन

औषधी रसायनशास्त्राच्या बैठकांत अलीकडे एक चित्र हमखास दिसते. पडद्यावर हजारो रंगीत ठिपके असतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक रेणू. त्यावर कर्सर नेला की रचना उमटते, आणि सादर करणारी व्यक्ती दोन पुंजक्यांकडे बोट दाखवून ‘ही दोन कुळे एकमेकांपासून फार दूर आहेत’ असे सांगून पुढे जाते. माझे स्पष्ट मत असे, की कोणते संयुग बनवायचे आणि कोणते सोडायचे हा निर्णय अशा चित्रावरून घेऊ नये, आणि अहवालात तर ते पुरावा म्हणून मुळीच जोडू नये.

कारण चित्राच्या मुळाशीच आहे. मॉर्गन पद्धतीत प्रत्येक अणूभोवतीचा ठरावीक बंधांपर्यंतचा (म्हणजे ठरावीक त्रिज्येतला) परिसर वाचून त्याच्या खुणा बहुधा २०४८ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा खणांच्या, ओळीत मांडतात; ही ओळ म्हणजे रेणूची फिंगरप्रिंट. मग दोन रेणूंचे साम्य टॅनिमोटो गुणांकाने मोजतात: एकात ४० बिट लागलेले (म्हणजे १) असतील, दुसऱ्यात ३८ आणि सामाईक ३०, तर दोहोंत मिळून ४८ बिट होतात आणि गुणांक ३० भागिले ४८, म्हणजे ०.६२५ येतो. इथवर हिशेब कोणालाही तपासता येतो. पुढे टी-एसएनई किंवा यूमॅप यांसारखी गणिती पद्धत हा सारा पसारा दोन मितींत बसवते. त्यात जवळचे शेजारी शक्यतो जपले जातात, पण दूरच्या पुंजक्यांमधल्या अंतराची हमी नसते. बैठकीत बोट मात्र नेमके त्या अंतराकडे दाखवले जाते.

शिवाय कार्व्होनचे उदाहरण घ्या. त्याच्या दोन रूपांत फरक एवढाच, की एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. एकाला पुदिन्याचा वास येतो, तर दुसरे शहाजिऱ्यात आणि बाळंतशेपात असते. जे नाकाला कळते ते आरडीकिट या रसायनशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉर्गन फिंगरप्रिंटला मूळ सेटिंगवर कळत नाही. गुणांक १.० येतो आणि नकाशात एक ठिपका दुसऱ्याखाली झाकला जातो.

बिटमोजणी

कार्व्होनचा मुद्दा खरा आहे, पण तो नकाशाचा दोष नव्हे. फिंगरप्रिंट करताना किरॅलिटी, म्हणजे आरशातल्या प्रतिमेचा फरक, धरण्याचा पर्याय सुरू केला की ती दोन रूपे वेगळी होतात.

माझ्या हाती आलेल्या एका संग्रहात एकमेकांशी नाते नसलेली संयुगे एकाच पुंजक्यात गोळा झालेली दिसली. एकेका ठिपक्यावर क्लिक करत गेल्यावर उलगडा झाला: ती सगळी टॉसिलेट या क्षाराच्या रूपात, म्हणजे मूळ रेणूसोबत आम्लाचा एक ठरलेला भाग जोडून, नोंदवलेली होती, आणि मूळ रेणू लहान असल्यामुळे टॉसिलेटचे बिट त्यांच्यावर भारी पडत होते. क्षाराचा भाग आधी वेगळा काढण्याची पायरी माझ्याकडूनच राहून गेली होती. गुणांकांच्या तक्त्यात ही चूक मला कित्येक दिवस दिसली नव्हती. दहा हजार संयुगे घेतली तरी जोड्या जवळपास पाच कोटी होतात, आणि केम्बल या सार्वजनिक संयुगसंग्रहात तर वीस लाखांहून अधिक संयुगे आहेत. एवढा तक्ता वाचणार कोण?

अंतराचीच शंका असेल तर टीमॅप वापरावे. २०२० साली बर्न विद्यापीठातून प्रसिद्ध झालेली ही पद्धत शेजाऱ्यांचा आलेख बांधून त्यातून झाड काढते, त्यामुळे कोण कोणाला जोडले गेले आहे हे फांदीफांदीने तपासता येते.

षट्कोन

चुका शोधण्यासाठी नकाशा उपयोगी पडतो, हे मान्य. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे: ठिपके शेजारी आहेत, म्हणून परिणामही सारखाच असेल. ॲबट कंपनीच्या संशोधकांनी २००२ साली दाखवले, की डेलाइट या दुसऱ्या प्रकारच्या फिंगरप्रिंटनुसार एखाद्या सक्रिय (चाचणीत परिणाम दाखवणाऱ्या) संयुगाशी ०.८५ किंवा त्याहून अधिक साम्य असलेल्या संयुगांपैकी सुमारे ३० टक्केच स्वतः सक्रिय निघाली. मूळ आकड्याचीच ही स्थिती असेल, तर तो आकडा दाबून सपाट केलेल्या चित्रावर किती भिस्त ठेवायची?

बिटमोजणी

तीस टक्के ‘फक्त’ कसे? संग्रहातून डोळे मिटून संयुगे उचलली तर शंभरात एक सक्रिय निघणेही कठीण असते. कोणती तीस संयुगे आधी तपासायची हे ठरवणाऱ्या माणसाला ही फार मोठी मदत आहे.

खडू-फळा

दोघांच्या बोलण्यात एक साधन राहून गेले. ठिपक्यांच्या नकाशापेक्षा मला अणूंवर रंग चढवणारे साम्यचित्र अधिक प्रामाणिक वाटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत एकेका अणूचे बिट वगळून गुणांक पुन्हा काढतात. गुणांक घसरला तर तो अणू हिरवा, वाढला तर गुलाबी.

पदव्युत्तर वर्गात मी मॉर्फीन आणि कोडीनची जोडी दाखवते. कोडीनचा बहुतेक सांगाडा हिरवा येतो आणि गुलाबी रंग फिनॉलच्या ऑक्सिजनवर चढलेल्या मिथाइल गटापाशी दिसतो. त्या एका गटामुळे कोडीन ओपिऑइड ग्राहीला (अशी औषधे जिथे चिकटतात त्या पेशीवरील प्रथिनाला) मॉर्फीनपेक्षा पुष्कळ सैल बांधले जाते, आणि यकृतात तो गट निघून मॉर्फीन तयार झाल्यावरच त्याचा बराचसा वेदनाशामक परिणाम दिसतो. फरक कुठे आहे ते रंग दाखवतो; तो किती महत्त्वाचा आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. विद्यार्थी त्या गुलाबी डागाकडे पाहून ‘मग इथे काय होते?’ असे विचारतात, आणि तिथून माझा तास सुरू होतो.

षट्कोन

असे चित्र मी अहवालातही स्वीकारेन, कारण त्यात गुणांक कुठून आला ते दिसते. ठिपक्यांच्या नकाशाबाबत मात्र माझी अट राहील: खाली फिंगरप्रिंटचा प्रकार, त्रिज्या, किरॅलिटी धरली की नाही आणि नकाशाची सेटिंगे छापलेली असावीत, आणि कोणतेही दोन ठिपके निवडले की त्यांचा मूळ गुणांक शेजारी दिसावा. एवढे नसेल, तर नकाशा बैठकीपुरताच ठेवावा.

बिटमोजणी

अट रास्त आहे आणि मी ती पाळेन. तरीही टॉसिलेटचा तो पुंजका, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा, मी माझ्या अहवालात ठेवणार आहे. माझ्यानंतर तो संग्रह हाती घेणाऱ्याला काय बिघडले होते आणि ते कसे सापडले, हे त्या दोन चित्रांवरूनच कळेल.