धर्मग्रामांचे ‘विलीनीकरण’: दुसरा शब्द आहे का?

रानजाई
दोन पॅरिश (म्हणजे धर्मग्राम, एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज) एक होत आहेत आणि मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, वाटायचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. शीर्षक दिलं, ‘धर्मग्रामांचे विलीनीकरण आणि आध्यात्मिक उन्नती’. ज्यांचा धर्मग्राम मोडणार आहे, त्यांच्यातल्या एका आजींनी कागद वाचून तिथल्या तिथे परत दिला. “विलीन माणूस मेल्यावर होतो, बाई. आम्ही अजून आहोत.” ‘एकत्रीकरण’ मला कचेरीतलं वाटतं. सुचवा काही.

टाकबोरू
पंचतत्त्वात विलीन, अनंतात विलीन हे डोक्यात असणारच. पण संस्थानं विलीन झाली, बँका होतात, कोणी अडत नाही. रुळलेला शब्द आहे, ठेवा.

उंबरठा
बँकेत कोणाचा बाप्तिस्मा झालेला नसतो, टाकबोरू. शिवाय गोष्टी दोन आहेत. एक धर्मग्राम मोडून त्याची हद्द दुसऱ्याला जोडता येते, किंवा दोन्ही मोडून नवाच उभा करता येतो. पहिल्याला ‘विलीन’ लागू पडेल, दुसऱ्याला अजिबात नाही. निर्णय बिशपांचा, पण धर्मगुरूंच्या परिषदेचं मत ऐकून घ्यावंच लागतं (कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, ५१५). २०२०च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात तर स्पष्ट आहे की नुसती धर्मगुरूंची कमतरता हे धर्मग्राम मोडायला पुरेसं कारण नाही. तुमच्याकडे नक्की काय होतंय ते आधी विचारा, शब्द आपोआप सापडेल.

जुनी वही
रानजाई, ‘पॅरिश’ का लिहिताय? धर्मग्राम हा घडवलेला, सुंदर शब्द आहे. निदान छापताना तरी तोच वापरा.

चाफेकळी
छापा की. पण घरात “आमच्या पॅरिशमध्ये” असंच म्हणतात. मला तर पॅरिश म्हणजे ‘परिसर’च वाटतो, मूळ एकच असणार.

उंबरठा
नाही हो. ग्रीक ‘पारोइकिया’वरून आलाय. ‘पारोइकोस’ म्हणजे शेजारी राहणारा, पुढे परक्या मुलखात वस्तीला आलेला. त्यातला ‘ओइकोस’ (घर) आणि संस्कृतातला ‘वेश’ एकाच कुळातले. म्हणजे ‘प्रतिवेशी’ जवळचा, ‘परिसर’ नव्हे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना ‘पारोइकोस’ हाच शब्द लावलाय. पॅरिश म्हणजे मुळात उपऱ्यांची वस्ती! हे कळल्यापासून मी ‘आमचं-तुमचं’ म्हणताना थोडी थबकते.

टाकबोरू
व्युत्पत्तीने आजींचं समाधान होणार नाही.

उंबरठा
मान्य. पण त्यांना एवढं जरूर सांगा: धर्मग्राम मोडला म्हणून चर्च बंद होतं असं नाही, त्याचा निर्णय वेगळा असतो. नव्या धर्मग्रामाला नवं नाव मिळालं तरी समर्पित झालेल्या चर्चचं नाव बदलता येत नाही (कॅनन १२१८). त्यांच्या संताचं नाव त्या वास्तूला राहतं.

रानजाई
हे मला माहीत नव्हतं. पत्रकात वरच घालते.

ओंजळ
माझी हरकत ‘विलीनीकरणा’वर नाही, ‘उन्नती’वर आहे. उन्नती एकट्याची असते, साधक वर चढत जातो. इथे चाललंय ते वेगळं: अनोळखी माणसाशेजारी गुडघे टेकायचे, आपल्या गायनमंडळाने दुसऱ्यांची चाल शिकायची, आपली मिस्सेची वेळ सोडायची. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमकं हेच आहे. तिथले लोक म्हणताहेत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (हा तिथला दुसरा उपदेशक), आणि पौल म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. गटबाजीला दिलेलं उत्तर ‘वाढ’ आहे. तोच शब्द घ्या.

जुनी वही
‘आध्यात्मिक वाढ’ कानाला खटकतं. वाढ पगाराची, वजनाची.

ओंजळ
लेकराचीही वाढच होते ना? खटकू दे.

चाफेकळी
‘संगम’ कसा वाटतो?

टाकबोरू
संगमानंतर बहुतेक एकाच नदीचं नाव पुढे चालतं. आजी पुन्हा कागद परत देतील.

जुनी वही
‘जोडधर्मग्राम’?

उंबरठा
कृपया नको. दोन धर्मग्राम वेगळेच ठेवून एकाच धर्मगुरूकडे सोपवता येतात, हा तिसरा प्रकार आहे (कॅनन ५२६). ‘जोड’ शोभेल तर त्याला.

चाफेकळी
मग मोडलेल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वह्या कुठे जातात? दाखल्यावर कोणतं नाव येतं? आमच्याकडे दोन लग्नं ठरलीत, म्हणून विचारते.